वीस मिनिटांचं आकाश

माझ्या मामाने अकरा वर्षांत चाळीस रॉकेटं बनवली आणि त्यातलं एकही उडवलं नाही.

हे ऐकून लोक आधी हसतात, मग विचारतात, "का, उडत नाहीत?" उडत नाहीत असं नाही. उडवायची परवानगी नाही. आणि परवानगी नसताना उडवणाऱ्यांतला माझा मामा नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत उभा राहणारा माणूस आहे तो. मामी पलीकडे पोचून मागे वळून बघायची, तर हा अजून अलीकडेच. "या आता, काय तिथेच दुकान थाटताय?" असं ती पलीकडून विचारायची.

दुकान त्याचं आहेच. छत्र्या दुरुस्तीचं. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढं. भिंतीला काड्या लांबीप्रमाणे टांगलेल्या, मुठींची एक पेटी, पितळी टोकांची एक बरणी, आणि खिडकीशी मामीचं शिवणयंत्र. सांगाडा मामाचा, कापड मामीचं, अशी त्यांची अडतीस वर्षांची वाटणी. आठ तिकोनी कळ्या जोडून छत्रीचं कापड होतं. मामी त्या कळ्या नुसत्या नजरेने कापायची आणि एकीतही दोऱ्याचा फरक नसायचा. मग मामा ते काड्यांवर चढवायचा, वर पितळी टोक बसवायचा, टोक फरशीवर एकदा टेकवून आवाज ऐकायचा – टक् – आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना म्हणायचा, "घ्या. आता ही तुमच्यापेक्षा जास्त जगेल."

पुढे लोकांनी छत्र्या दुरुस्त करणंच सोडलं. मोडली की फेकली, नवी आणली. दुकानात दुपारच्या दुपार कुणी येईना. कापडाचे तागे ज्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर यायचे, त्या नळ्या मात्र कोपऱ्यात साठून राहिल्या होत्या. एक दिवस मामाने त्यातली एक उचलली, तिच्यातून खिडकीबाहेर बघितलं, आणि मामीला म्हणाला, "हिला खाली पंख लावले तर?"

"तर काय?"

"तर वर जाईल."

"आणि मग?"

"मग छत्री उघडायची नि खाली यायचं."

मामीच्या म्हणण्याप्रमाणे तिला तेव्हाच कळलं की हा आता हातचा गेला.

नळी जड होती, म्हणून मामाने छत्रीच्या दांड्यावर कागद गुंडाळून, डिंक लावून स्वतःच्या नळ्या बनवल्या. पण त्या आधी त्याने काय केलं असेल, तर विमान खात्यात जाऊन नियमांची पुस्तिका आणली. तिला काळ्या छत्रीच्या कापडाचं कव्हर शिवून घेतलं. आणि ती पाठ केली.

रॉकेटात धातू नको; नाक, अंग, पंख, सगळं कागदाचं, लाकडाचं नाहीतर प्लॅस्टिकचं. इंजिन कारखान्यात बनलेलं, सीलबंद; घरी काहीही कालवायचं नाही. वजन पाचशे ग्रॅमच्या आत. उतरायला हवाई छत्री हवीच. वाळलेलं गवत, विजेच्या तारा, शाळा, दवाखाना यांच्यापासून अंतर. विमानतळाच्या मनोऱ्याला आधी कळवायचं, ते सांगतील तेवढ्याच वेळात उडवायचं, आणि वर गेल्यापासून खाली येईपर्यंत एका माणसाने त्याच्यावरून नजर हलवायची नाही.

"आणि हे धातूचं काय खूळ?" मी एकदा विचारलं. "इवलंसं तर रॉकेट."

"कागद डोक्यावर पडला तर माणूस शिव्या देतो," मामा म्हणाला. "पितळ पडलं तर शिव्या द्यायला तो उरत नाही."

शेजारच्या फोटोवाल्याला यातलं काही पटायचं नाही. त्याचा स्टुडिओ आणि मामाचं दुकान यांत एकच भिंत. त्याच्याकडे चार पंख्यांचा मोठा ड्रोन होता आणि फोटोवाला तो मनाला येईल तिथे उडवायचा. मामाला तो 'कलमसाहेब' म्हणायचा, कारण मामा दर दोन वाक्यांनी एक कलम सांगायचा.

"कलमसाहेब, आकाश काय कुणाच्या बापाचं आहे?"

"आकाश नाही. पण खालची डोकी कुणाच्या ना कुणाच्या बापाची आहेत."

"माझा ड्रोन चार वर्षांत एकदाही पडला नाही."

"अडीचशे ग्रॅमच्या वर आहे. नोंदणी केलीस?"

"तुम्ही सांगून टाका ना कुणाला."

"मी कशाला सांगू? तो स्वतःच सांगेल, वाजतो केवढा."

आणि ड्रोनने सांगितलंच. फोटोवाल्याने तो फुटबॉलच्या सामन्यावर नेला, खच्चून भरलेल्या गर्दीच्या डोक्यावर, आणि मैदानाबाहेर आल्यावर दोन शिपाई त्याची वाटच बघत होते. ड्रोन जप्त. तेव्हा त्याच्याबरोबर खात्यात जाऊन सगळे अर्ज कुणी भरले? मामानेच. "अक्षर काय तुझं," एवढंच बोलला. त्या दिवसापासून फोटोवाल्याची चेष्टा थांबली नाही, पण सकाळचा चहा तो मामाच्या दुकानात येऊन प्यायला लागला.

मामाचे स्वतःचे अर्ज मात्र दर वर्षी परत यायचे. पहिल्या वर्षी मैदान शाळेजवळ निघालं. दुसऱ्या वर्षी विजेच्या तारा. तिसऱ्या वर्षी विमानांचा उतरायचा रस्ता बदलला आणि अख्खं गावच बंदीत आलं. पाचव्या वर्षी अर्ज जुन्या नमुन्यात होता, कारण नवा नमुना मामाने अर्ज टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी निघाला. दर वेळी मामा नाकारल्याचं पत्र दोनदा वाचायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे त्यांचं."

"बरोबर काय आहे?" मी चिडायचे. "मामा, तू गावाबाहेर जाऊन उडव ना एक. कोण बघतंय?"

"तेच. कुणी बघत नसेल तर नजर कोण ठेवणार?"

तयार झालेलं रॉकेट कपाटात जायचं. उभं, नाक वर, अंगावर क्रमांक. मामी कपाट उघडून पुसून परत ठेवायची. मामाच्या रॉकेटांवर तिने एकदाही नाक मुरडलं नाही. फक्त कधीतरी म्हणायची, "एक तरी वर गेलेलं बघायचंय हो मला."

मग मामीच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी सुईत दोरा जाईना. मग समोरच्या माणसाचं तोंड पुसल्यासारखं दिसायला लागलं. कडेचं सगळं दिसायचं, दाराची चौकट, खांद्यावरची ओढणी, टेबलाचा कोपरा. जिकडे नीट बघावं नेमकं तेवढंच नाहीसं व्हायचं. डॉक्टरने दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं की मधलं गेलेलं परत येणार नाही. कडेचं किती दिवस राहील, ते सांगता येत नाही.

"म्हणजे आता तुमच्याकडे बघायचं झालं तर मला भिंतीकडे बघायला लागणार," मामी रिक्षात म्हणाली.

"भिंत चांगली दिसते माझ्यापेक्षा," मामा म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने अकरावा अर्ज लिहिला. अर्जात 'उड्डाणाचा हेतू' असा एक रकाना असतो. दहा वर्षं मामा तिथे 'वैज्ञानिक कुतूहल' लिहीत आला होता. या वेळी त्याने लिहिलं, 'पत्नीला दाखवणे.'

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मंजूर. रविवार, सकाळी आठ ते आठ वीस. बंद वीटभट्टीमागचं मैदान. एक रॉकेट, एक उड्डाण, अधिकाऱ्याच्या समक्ष तपासणी करून.

मामाने पत्र दोनदा वाचलं. या वेळी 'बरोबर आहे त्यांचं' म्हणाला नाही. उठून नळावर तोंड धुऊन आला.

एकेचाळीसावं रॉकेट त्याने त्यासाठी नव्याने बनवलं. हवाई छत्री पिवळ्या कापडाची, कारण मामीला पिवळं अजून कळत होतं. आणि शिवली त्याने स्वतः. आयुष्यात पहिल्यांदा. मामी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसली.

"मला द्या इकडे."

"तू बघू नकोस."

"बघतेय कशाने? मशीनचा आवाज ऐकतेय. केवढ्याने पळवताय ते, कुणी मागे लागलंय का?"

"होतंय बरोबर."

"शेवटची कळी आधी टाचून घ्या. नाहीतर कापड सरकतं आणि ती आखूड येते."

"हो."

"हो म्हणू नका, टाचून घ्या."

"घेतोय गं."

रविवारी आम्ही सव्वासातला मैदानावर. मामी कोट घालून, घडीच्या खुर्चीवर. फोटोवाला कॅमेरा घेऊन, आणि मामाने बजावल्याप्रमाणे ड्रोन न घेता. वारा थोडा होता. मामाने चिमटीतून धूळ सोडून तीनदा बघितला. मैदानाच्या टोकाला एक उंच पाण्याची टाकी होती. मामाने खुर्ची तिच्याकडेच तोंड करून ठेवली.

"अगं, रॉकेटकडे बघू नकोस," त्याने मामीला समजावलं. "टाकीकडे बघ. टाकी दिसणार नाही, पण तिच्या कडेने रॉकेट जाईल."

"म्हणजे जे बघायचंय ते सोडून बघू."

"हो."

"संसारात तेच केलं," मामी म्हणाली आणि कोट नीट केला.

अधिकारी मॅडम पावणेआठला आल्या. माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठ्या असतील. खांद्याला वायरलेस, हातात पॅड. त्यांनी लोखंडी टेबलावर रॉकेट मोजलं, तोललं, पंख हलवून बघितले, इंजिनचं सील बघितलं, छत्री उलगडून परत घडी करायला लावली.

"हेतूच्या रकान्यात असं कुणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या.

"खोटं लिहायचं नाही असं खालच्या टिपेत आहे," मामा म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. मनोऱ्याशी बोलायला त्या जरा बाजूला गेल्या. आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. मामाने छत्रीची शेवटची घडी आत सारली आणि इंजिन बसवायला रॉकेट उलटं करून, नाक खाली, टेबलावर टेकवलं.

टक्.

मामीची मान वर झाली.

"अहो."

मामाने इंजिन उचललं.

"अहो, टोक वाजलं."

"लाकूड आहे गं ते."

"अडतीस वर्षं ऐकतेय. लाकूड नाही ते."

मामाने नाकाच्या शेंड्यावर नख घासलं. चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून पिवळंधमक पितळ दिसलं. छत्रीचं टोक. बरणीतलं.

आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो, आणि तो स्वतःच्या हाताकडे. काम संपलं की टोक बसवायचं, हे त्या हाताला इतकं पाठ होतं की नाकावर शेवटचा हात फिरवताना त्याने ते बसवून टाकलं, वर रंगही दिला, आणि मामाला सांगितलं नाही. अकरा वर्षं 'धातू नको' घोकणाऱ्या माणसाचाच हात.

फोटोवाला हळूच जवळ आला. "कलमसाहेब, सही झालीये. माझ्याकडे चंदेरी मार्कर आहे. दोन सेकंदांचं काम."

मामाने मामीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. तो काय मोजत होता ते मला दिसत होतं. पुढचा अर्ज म्हणजे पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी मामीला टाकीच्या कडेने काही दिसेल की नाही, हे कुणी लिहून दिलं नव्हतं.

"मामा, सहा ग्रॅमचं तर टोक आहे," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू, मीच म्हणाले.

"डोकं फुटलं की ते सही झाली होती का विचारत नाही," मामा म्हणाला आणि मॅडमकडे चालायला लागला.

"मॅडम, माझी तपासणी रद्द करा. नाकात पितळ आहे."

मॅडमनी रॉकेट हातात घेतलं. कान लाल झाले त्यांचे. त्यांच्याही नजरेतून सुटलं होतं. "हे कधी लावलंत?"

"मी नाही लावलं. म्हणजे मीच लावलं. हाताने लावलं, मला न विचारता."

"आठ वीसला वेळ संपते. साडेआठचं विमान याच बाजूने उतरतं. मला एक मिनिटही वाढवता येणार नाही."

"मागितलं तरी देऊ नका."

"यांचं हे असंच आहे," मामी खुर्चीवरून म्हणाली. "तुम्ही त्यांच्याशी बोलण्यात वेळ घालवू नका मॅडम, त्यांना काम करू द्या. किती वाजले?"

"आठ पाच," मी म्हणाले.

टोक पक्कडीने निघालं. मामाने रॉकेटला मधल्या खुणेवर दोरा बांधला आणि मला धरायला दिलं. शेपूट खाली गेलं, नाक वर. मामाने ओठ चावला. नाक हलकं राहिलं तर रॉकेट वर जाताजाताच गिरकी घेतं आणि कुठेही घुसतं. टोकासकट तोल धरून त्याने पंख बसवले होते. आता नाकात सहा ग्रॅम हवे होते, आणि ते धातूचे नकोत.

"दगड?" फोटोवाला म्हणाला.

"दगड आणि पितळ डोक्याला सारखेच."

"टोक द्या इकडे," मामी म्हणाली. मामाने ते तिच्या डाव्या तळव्यावर ठेवलं. तिने उजव्या हाताने स्वतःच्या कोटाचं सगळ्यात वरचं बटण चाचपलं. मोठं, चपटं, प्लॅस्टिकचं. "कात्री."

"अगं, कोट…"

"कात्री द्या हो, वेळ काय पुस्तिकेत लिहून वाढतो का?"

एकेक करून चारही बटणं निघाली. तिने ती उजव्या तळव्यावर घेतली, दोन्ही हात समोर धरले, डोळे मिटले. कापडाची जाडी बोटांनी सांगणारी बाई ती.

"एक कमी पडतंय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मामाच्या सदऱ्याची बटणं अगदीच बारीक. माझ्या जॅकेटला साखळी. फोटोवाल्याने आपल्या जाड चौकड्याच्या शर्टाचं वरचं बटण पकडलं.

"वरचं राहू दे," मामी म्हणाली. "पोटावरचं दे. ते तसंही सुटायलाच आलं असेल."

"काकू, तुम्हाला दिसत नाही म्हणतात."

"कडेचं दिसतं. आणि तुझं पोट कडेपर्यंत येतं."

मॅडम पॅड तोंडासमोर धरून हसल्या.

नाकाच्या बुडाशी हवाई छत्री बांधायला दोऱ्याचा एक फास होता. मामा तिथे बटणं ओवायला गेला आणि दोरा दोनदा भोकाबाहेर निसटला. मामीने काही न बोलता नाक त्याच्या हातातून काढून घेतलं. बोटाने फास शोधला, दोरा बटणाच्या भोकातून काढला, दुसऱ्या बटणाच्या, तिसऱ्याच्या, पाचही एकावर एक घट्ट आवळली, गाठ मारली, दाताने दोरा तोडला. या सगळ्यात ती बघत होती समोरच्या वीटभट्टीच्या धुराड्याकडे.

मी पुन्हा दोरा धरला. रॉकेट एकदा डुललं आणि आडवं, निवांत थांबलं. नाक किंचित खाली.

मॅडमनी नाक तपासलं, रॉकेट टेबलावर मुद्दाम उलटं टेकवलं आणि कान दिला. मऊ, बद्द आवाज आला. त्यांनी मामीकडे बघितलं.

"लाकूड," मामी म्हणाली.

सही झाली तेव्हा आठ पंधरा झाले होते.

मामाने इंजिन बसवलं, रॉकेट जमिनीत रोवलेल्या काडीवर उभं केलं, वायर उलगडत उडवायच्या बटणाच्या पेटीपर्यंत मागे आला. नियमाप्रमाणे चावी त्याच्या गळ्यात होती, ती त्याने पेटीत घातली. नजर ठेवायचं काम माझं. फोटोवाला एका हाताने शर्ट मिटून दुसऱ्या हाताने कॅमेरा सांभाळत होता. मामी उभी राहिली होती, वाऱ्यात उडणारा कोट दोन्ही हातांनी गच्च आवळून, तोंड टाकीकडे.

मामाने पाचपासून उलटं मोजलं, अगदी साध्या आवाजात, गिऱ्हाइकाला काड्या मोजून दाखवाव्यात तसं.

फस्स झालं आणि काडीवर काही नव्हतं.

मी वर बघितलं. पांढऱ्या धुराची एक सरळ रेघ, आणि तिच्या टोकाला एक ठिपका, लहान, अजून लहान. तो थांबल्यासारखा झाला, वळला. मग पिवळा फुगा फुटावा तशी छत्री उघडली.

"उघडली, मामा, उघडली," मी म्हणत होते. नजर हलवायची नव्हती, म्हणून मामी दिसत नव्हती.

मामाने चावी काढून परत गळ्यात घातल्याची किणकिण ऐकू आली. रॉकेट खाली येईपर्यंत पेटी सोडायची नाही, असा नियम आहे. तो तिथूनच म्हणाला, "अगं, दिसलं का?"

छत्री खाली येत होती, हळूहळू, वाऱ्याबरोबर वीटभट्टीच्या बाजूला. मामीचा श्वास मला ऐकू येत होता.

"शेवटची कळी टाचून घेतली नाहीत ना?" मामी म्हणाली.

"अहो, तुम्हाला विचारतेय. एका अंगाने आखूड आहे. कलतंय बघा किती."

आणि खरंच कलत होतं. आम्हा डोळसांना ते दिसलं नव्हतं, तिने सांगितल्यावर दिसलं. पिवळी छत्री एका बाजूला खांदा पाडल्यासारखी झुकून, गोल गोल फिरत उतरत होती.

"नाही घेतली," मामा म्हणाला. "टाचून नाही घेतली."

"हो हो म्हणत होता नुसते."

"चुकलं."

रॉकेट गवतावर टेकलं. मी म्हणाले, "उतरलं." मॅडमनी घड्याळ बघितलं, वायरलेसवर 'मैदान मोकळं' सांगितलं. मग मामा पेटीपासून हलला. तो रॉकेटकडे जाईल असं मला वाटलं. तो मामीकडे गेला आणि तिचा सुटलेला कोट दोन्ही बाजूंनी धरून उभा राहिला.

"आणा ते इकडे," मामी म्हणाली. "उसवून ठेवा ती कळी, मी हाताने घालते. आणि अर्ज टाका परत."

"हेतू काय लिहू?"

मामी जराशी वळली, त्याच्या कानामागच्या धुराड्याकडे बघायला लागली. म्हणजे ती त्याच्याकडेच बघत होती.

"लिहा, शिवण दुरुस्त केली आहे."